बॉस्टनहून थेट

हर्मीनिया पाशेकोच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की आधी फोन पुढे करायचं. बोलणं मागाहून.

"हे बघ, इथे सहाशे दाखवतंय. तू किती घेशील?"

मग हर्मीनिया डोळ्यांवर चष्मा चढवायची, तो फोन हातभर लांब धरून वाचायची आणि सांगायची, की बाबा, ह्यात सामान धरलेलं नाही. हे विमान न्यूयॉर्कला एका विमानतळावर उतरतं आणि पुढचं दुसऱ्याच विमानतळावरून सुटतं. मधे टॅक्सी, मधे रांग, आणि तुझ्यासोबत तुझ्या सासूबाई. गिऱ्हाईक मान डोलवायचं, "खरंय, खरंय" म्हणायचं आणि घरी जाऊन तेच सहाशेचं तिकीट काढायचं. दीड महिन्याने परत दारात हजर. नाव चुकीचं छापलंय, विमान रद्द झालंय, फोनवर कुणी माणूस सापडत नाही. जे तिकीट तिने विकलंच नाही, ते निस्तरायला हर्मीनियाच बसायची. नाही म्हणायचं तिच्या जिभेवर यायचं, पण समोरचा माणूस रविवारी चर्चमध्ये शेजारच्या बाकावर बसणारा असायचा.

बॉस्टनजवळच्या फॉल रिव्हरमध्ये कोलंबिया स्ट्रीटवर, पावाच्या बेकरीला लागून तिचं दुकान. काचेमागे, ती आणि तिची बरीचशी गिऱ्हाईकं जिथून आली होती त्या समुद्रातल्या बेटावरच्या तळ्याचं मोठं चित्र लावलेलं होतं. ते लावलं तेव्हा पाणी निळंशार होतं, आता उन्हाने ताकासारखं दिसत होतं. पस्तीस वर्षं ती ह्या खुर्चीत बसत होती. सुरुवातीची वर्षं अशी होती की जानेवारीतच ऑगस्टच्या तिकिटांसाठी बाहेर फुटपाथपर्यंत रांग लागायची. माणसं पासपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणायची, पाच-पाच पोरांची नावं सांगायची, आणि तिकीट हातात पडलं की दोन्ही हातांनी धरायची. पुढे एका सकाळी विमानकंपन्यांची पत्रं आली, की आजपासून एजंटांना कमिशन नाही. तेव्हापासून हर्मीनिया दर तिकिटामागे पस्तीस डॉलर मागू लागली, आणि लोकांचा चेहरा दाढ उपटल्यासारखा होऊ लागला.

विमानकंपन्यांना ती नावाने ओळखत नसे, शेपटीच्या रंगावरून ओळखे. लाल शेपटीवाली सामान हरवते पण माणसं वेळेवर पोचवते. हिरवी स्वस्त, पण म्हाताऱ्यांना उभं करून ठेवते. निळी बॉस्टनहून थेट बेटावर जाते, पाच तासांत, आणि ते तिला पक्कं ठाऊक असल्यामुळे भाडं मनाला येईल तेवढं घेते. हे ज्ञान पुस्तकात नव्हतं. परत आलेल्या माणसांच्या शिव्या ऐकून ऐकून ते साठलं होतं.

नवरा जाऊन सात वर्षं झाली होती. मुलगी कॅरोलिनात राहायची आणि दर रविवारी फोनवर एकच विचारायची, "आई, दुकान कधी बंद करतेस?" हर्मीनिया म्हणायची, "ह्या मोसमानंतर." मोसम येत होते, जात होते.

मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारी दारावरची घंटी वाजली आणि बराच वेळ कुणी आत आलंच नाही. हर्मीनियाने मान वर करून पाहिलं तर बाहेरच्या दोन पायऱ्यांपैकी पहिल्या पायरीवर दिओलिंदा फुर्तादो उभी होती. एका हाताने दार धरलेलं, दुसऱ्या हातात खांद्याला अडकवलेल्या प्राणवायूच्या यंत्राचा पट्टा, नाकात नळी. यंत्र फुस्स, फुस्स करत होतं.

"थांब, मी येते!" हर्मीनिया उठली.

"नको," दिओलिंदा म्हणाली. "एवढ्या... दोन पायऱ्या... माझ्या आहेत."

चढली. खुर्चीत बसली. दोन मिनिटं नुसता श्वास घेत राहिली. दिओलिंदाची वाक्यं हल्ली अशीच यायची, तुकड्या-तुकड्यांनी, आणि मधे कुणी बोललं की ती चिडायची.

ह्या बाईचे हर्मीनियावर उपकार होते. सतराव्या वर्षी हर्मीनिया बेटावरून आली तेव्हा पडद्यांच्या कारखान्यात शिलाईला लागली, आणि तिथे दिओलिंदा मुकादम होती. तिशीतली, तोंडाने फटकळ, हाताने वेगवान. हर्मीनियाला ट्रॅव्हल एजंटचा कोर्स करायचा होता आणि वर्ग पाचला सुरू व्हायचा. पाळी सुटायची साडेपाचला. तीन महिने दिओलिंदाने तिला रोज अर्धा तास आधी मागच्या दाराने घालवलं आणि तिचा राहिलेला गठ्ठा स्वतः शिवून पुरा केला. "माझ्याकडे बघू नकोस, घड्याळाकडे बघ आणि पळ," एवढंच म्हणायची. कारखान्यात कापडाची पांढरी पूड हवेत उडत असे, केसांवर बसे, भाकरीच्या पिठासारखी. हर्मीनिया तिथून दहा वर्षांत सुटली. दिओलिंदाने चाळीस वर्षं ती पूड छातीत घेतली.

"मेमध्ये फेस्त आहे," दिओलिंदा म्हणाली. "सांतु क्रिश्तूचं. मला जायचंय."

"ताई, डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर नवस... बोलला नव्हता. मी बोलले होते."

हर्मीनियाला ते ठाऊक होतं. कारखान्यातल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं. दिओलिंदाचा एकुलता मुलगा नेल्सन चार वर्षांचा असताना मेंदूज्वराने नऊ दिवस बेशुद्ध होता. तेव्हा ती बोलली होती, की पोर उठून बसलं तर ख्रिस्ताच्या फेस्ताला बेटावर जाऊन पोंता देलगादाच्या चौकाला गुडघ्यांवर फेरी घालीन. पोर उठून बसलं, मोठं झालं, शहराच्या बसगाड्यांचा मेकॅनिक झालं, त्याचे केससुद्धा गेले. नवस राहिला तो राहिलाच. कधी कारखान्यात सुटी नाही, कधी घराचा हप्ता, मग नवऱ्याचं आजारपण.

"चाळीस वर्षं थांबला देव," हर्मीनिया म्हणाली, "अजून थोडा थांबला असता."

"तो थांबेल गं. मी नाही थांबणार."

हर्मीनियाने संगणकाच्या पडद्यावर भाडी काढली. फेस्ताच्या आठवड्यात निळ्या शेपटीवालीने आकडे आभाळाला नेऊन ठेवले होते. थेट विमान, एका माणसाचे साडेअकराशे. दिओलिंदाने ऐकलं, ओठ दुमडले.

"एकटीच जाणार?"

"नेल्सन येतो म्हणतो. पण दोघांचं... त्याला झेपायचं नाही. मी एकटी जाईन. तिकडे नातालिया आहे." नातालिया ही तिची धाकटी बहीण, पोवोआसांव गावात असायची.

"मला दोन दिवस दे. शुक्रवारऐवजी आठवड्याच्या मधला वार बघते. आणि ह्या यंत्राचं कंपनीला आधी कळवावं लागतं, त्यांचा कागद असतो, डॉक्टरची सही लागते. घाई करू नकोस आणि पोराला करू देऊ नकोस."

"त्याला मी... सांगते," दिओलिंदा म्हणाली, आणि दोन पायऱ्या उतरायला तिला चढण्याइतकाच वेळ लागला.

पण पोराने घाई केलीच. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सव्वाचारला दुकानातला फोन वाजला.

"हर्मे," दिओलिंदाचा आवाज, आणि त्यात चक्क हसू. "नेल्सननं काढली तिकिटं. दोघांची! तुझ्या एकाच्या भावात. तुझं काम वाचलं बघ."

हर्मीनियाने पेन उचललं. "कुठून कुठे आहेत ताई? वाचून दाखव."

दिओलिंदाने कागद शोधला, चष्मा शोधला, वाचलं. बॉस्टनहून जर्मनी, तिथे नऊ तास. जर्मनीहून लिस्बन. लिस्बनहून तिसऱ्याच कंपनीचं छोटं विमान, वेगळ्या तिकिटावर. सगळे मिळून सव्वीस तास.

"कधी काढली?"

"काल. जेवायच्या आधी. सहा-साडेसहा झाले असतील."

हर्मीनियाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अशी तिकिटं घेतल्यापासून चोवीस तासांच्या आत रद्द केली तर पूर्ण पैसे परत मिळतात, चोवीस तास उलटले की दमडी नाही. दोन तास होते हातात. तिने आगारात फोन लावला. नेल्सन बसखाली होता, त्याला बाहेर काढायला लावलं आणि म्हणाली, "असशील तसा ये."

तो सव्वापाचला आला, दंडापर्यंत काळा.

"मावशी, आईनं आधीच सांगितलंय तुझा आवाज कसा होता ते. ओरडणार असशील तर सांग, आधी हात धुवून येतो."

"धुऊ नकोस. बस. किती वाजता घेतलंस तिकीट? नीट बघून सांग."

त्याने फोन काढला, बोटाचा काळा ठसा काचेवर उमटवला. "सहा चाळीस."

"म्हणजे अजून दीड तास आहे. रद्द कर."

"का?" नेल्सनची मान ताठ झाली. "मावशी, रागावू नकोस, पण तुझे पस्तीस डॉलर गेले म्हणून..."

तो बोलता बोलता थांबला. हर्मीनियाला राग आला नाही, तेवढी ताकदच नव्हती. ह्या खुर्चीत तिने हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं होतं, की ते आता कानाला नुसतं घासून जायचं. तिने एक कोरा कागद ओढला.

"आईचं यंत्र एका बॅटरीवर किती चालतं?"

"साडेतीन तास. डॉक्टरांनी हवा वाढवलीय ना."

"विमानात तिला सिलिंडर नेऊ देत नाहीत. फक्त हे यंत्र. आणि जेवढे तास विमान उडणार त्याच्या दीडपट बॅटरी जवळ दाखवावी लागते. नाही दाखवली तर दारातच परत पाठवतात. तुझ्या तिकिटात उडायचेच साडेबारा तास आहेत. दीडपट कर."

नेल्सनने मनात केलं. "एकोणीस."

"म्हणजे सहा बॅटऱ्या. घरी किती आहेत?"

"दोन." त्याने भिंतीतल्या प्लगकडे बोट दाखवलं. "पण विमानतळावर भिंतीत लावता येईल की! नऊ तास आहेत तिथे."

"लाव. आणि तिला कुठे झोपवशील? लोखंडी खुर्चीवर? शहात्तर वर्षांची बाई आहे. कारखान्यात तिला उभं राहून काम करताना मी पाहिलंय, पण ती गोष्ट वेगळी. बरं, तीन कंपन्या, तिघींचे तीन कागद, तिघींना डॉक्टरच्या सह्या. पहिलं विमान उशिरा आलं तर तिसरीवाली तुला ओळखसुद्धा दाखवणार नाही, तिचं तिकीटच वेगळं आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, नेल्सन."

त्याने फोन टेबलावर उलटा ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला, "मला तिच्याबरोबर जायचं होतं. बाकी काही नाही. एक तिकीट थेटवालं काढलं असतं तर ती एकटी गेली असती. माझ्यासाठी नवस बोलली, आणि मी इथे बसच्या पोटाखाली."

हर्मीनियाने चष्मा काढून डोळे चोळले. "आधी हे रद्द करू. मग बघू."

ते सोपं नव्हतं. ज्या साइटवरून त्याने घेतलं होतं तिथे घेण्याचं बटण हाताएवढं होतं आणि रद्द करण्याचं सापडेना. फोन लावला तर संगीत सुरू झालं. टेबलावर फोन मोठ्या आवाजात ठेवून दोघं ते संगीत ऐकत बसली. पाच मिनिटं. दहा. एक बाई मधेमधे येऊन सांगायची, की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

"एवढा महत्त्वाचा आहे तर उचल की भवाने," नेल्सन म्हणाला.

बेकरीवाल्याने वाटेत डोकावून कालचे दोन गोड पाव ठेवले. हर्मीनियाने एक नेल्सनकडे सरकवला. त्याने काळ्या हातांनीच खाल्ला.

"मावशी, तू कधी गेलीस शेवटची?"

"अकरा वर्षं झाली. मोसमात दुकान सोडता येत नाही, आणि मोसम नसला की जाऊन करायचं काय, असं वाटतं." आपला पाव मोडत ती म्हणाली, "बाप गेला तेव्हाही वेळेवर पोचले नाही. ऑगस्ट होता. अख्ख्या गावाला तिकिटं मी विकली होती आणि मला चार दिवस जागा मिळाली नाही. शेवटची दोन ह्याच हातांनी एका लग्नाच्या वऱ्हाडाला दिली होती, आदल्याच दिवशी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पाचव्या दिवशी पोचले तर कबरीवरची फुलंसुद्धा सुकली होती."

नेल्सन काही म्हणणार होता, तेवढ्यात फोनमधून खरंखुरं माणूस बोललं. दूर कुठल्यातरी देशातलं, थकलेलं. हर्मीनियाने आपला धंद्याचा आवाज काढला, गोड आणि न हलणारा. नंबर सांगितला, वेळ सांगितली, नियम सांगितला. त्या माणसाने पैशांऐवजी पुढच्या प्रवासाची सवलत देऊ केली, तिने नको म्हटलं. त्याने पुन्हा देऊ केली, तिने पुन्हा नको म्हटलं. सहा वाजून बावीस मिनिटांनी नेल्सनच्या फोनवर रद्द झाल्याचं पत्र आलं.

"आता हात धू," ती म्हणाली.

तो धुऊन येईपर्यंत ती निळ्या शेपटीच्या एकेका तारखेवर जाऊन बघत होती. फेस्त रविवारी. शुक्रवारचं विमान महाग, गुरुवारचं महाग, शनिवारचं तर बघायलाच नको. सगळ्यांना दोन दिवसांची सुटी काढून जायचं असतं, म्हणून सगळे तिथेच गर्दी करतात. आधीच्या मंगळवारी मात्र विमान अर्धं रिकामं होतं. मंगळवारी जायचं, नेल्सनने पुढच्या बुधवारी परतायचं, आईने तीन आठवडे राहून जूनमध्ये यायचं. तिने दोघांची भाडी वेगवेगळी करून पाहिली, कारण एकत्र मागितली की संगणक दोघांनाही वरच्या भावाची जागा देतं. एकाला साडेसातशे, दुसऱ्याला सातशे नव्वद.

"आठ दिवसांची रजा मिळेल?"

"मिळवीन," नेल्सन म्हणाला. "नाही दिली तर आजारी पडेन. लहानपणी नऊ दिवस पडलो होतो, मला सवय आहे."

दोन महिने मग कागदांत गेले. डॉक्टरच्या कचेरीने सही करून पाठवली ती चुकीच्या पानावर. पुन्हा पाठवली तर त्यावर तारीख नव्हती. तिसऱ्या वेळी हर्मीनिया स्वतः जाऊन काउंटरसमोर कागद धरून उभी राहिली. तिसरी बॅटरी प्रॉव्हिडन्सच्या एका दुकानातून भाड्याने मिळाली. चाकाची खुर्ची, पुढची रांग, खिडकी नको, संडासाजवळची जागा, सगळं लिहून घेतलं आणि आदल्या दिवशी पुन्हा फोन करून वदवून घेतलं. तिच्या पस्तीस डॉलरचा विषय तिने काढला नाही. दिओलिंदाने काढला. हर्मीनिया नको म्हणाली तर दिओलिंदा म्हणाली, "कारखान्यात मी तुझा... गठ्ठा शिवला, तेव्हा... मजुरी मीच उचलली होती. फुकट काही... केलं नव्हतं. घे." आणि सत्तर डॉलर टेबलावर ठेवून गेली.

मेमध्ये ती दोघं गेली, आणि नेल्सन ठरल्याप्रमाणे एकटा परत आला. दुसऱ्याच दिवशी दुकानात हजर. नातालियाने दिलेलं चीज ठेवलं, खुर्ची ओढली आणि न विचारता सांगू लागला.

"पाच तास नीट गेले. दुसरी बॅटरी बदलली तेव्हा हवाईसुंदरी शेजारी उभी राहिली होती, आईनं तिला विचारलं, तू लग्न केलंस का. चौकात गर्दी म्हणजे काय सांगू. बाया गुडघ्यांवर चालल्यात, गुडघ्यांना चिंध्या बांधल्यात, बाजूनं पोरं धरून. मी आईला म्हटलं, खुर्चीतूनच फेरी घालू, देव काय गुडघे मोजत बसलाय? ती खुर्चीतून उतरली आणि टेकली खाली."

"अरे देवा."

"एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत गेली. मी यंत्र घेऊन वाकून बाजूनं. नळी तेवढी लांब नाही ना! लोक आपोआप बाजूला झाले. दुसऱ्या झाडाशी पोचली आणि तिथेच बसली. मी घाबरलो. ओठ निळे पडले होते. मग श्वास आला तसं म्हणाली, 'मी बोलले तेव्हा तिशीतली होते. देवानंही इतकं थांबायला नको होतं.' बाकीची फेरी खुर्चीतून. नातालियामावशी रडत होती, मी रडत होतो. आई म्हणाली, भूक लागली."

हे सांगताना तो हसला, आणि मग चीज तिच्याकडे सरकवलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, दिओलिंदाच्या परतीला चार दिवस राहिले असताना, बेटावरून फोन आला.

"हर्मे, माझं तिकीट... रद्द कर."

"का? बरं नाही?"

"आहे तशीच आहे. मी येत नाही."

हर्मीनिया खुर्चीत नीट बसली. "ताई, डॉक्टर इथे, औषधं इथे, पोरगा इथे."

"आणि मी तिथे... तिसऱ्या मजल्यावर. डॉक्टरकडे जाण्यापुरती खाली. बाकी दिवस खिडकी." श्वास. "इथे घर जमिनीवर आहे. सकाळी नातालिया... खुर्ची दारात ठेवते. जाणारा येणारा बोलतो. काल एक माणूस अर्धा तास भांडला माझ्याशी... बटाट्यावरून. किती वर्षांत कुणी भांडलं नव्हतं गं."

हर्मीनियाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नेल्सनला तू सांग," दिओलिंदा म्हणाली.

"नाही. ते तूच सांगायचंस. मी तिकिटं बघते, निरोप पोचवत नाही."

"फटकळ झालीस."

"तुझ्याच हाताखाली शिकले."

फोन ठेवून तिने संगणक उघडला. तिकीट रद्द केलं असतं तर हाती काही लागलं नसतं, ह्या भाड्यात परतावा नव्हता. पण तारीख बदलता येत होती. तिने ते जेवढं लांब नेता येईल तेवढं नेलं, पुढच्या मार्चपर्यंत. रद्द हा शब्द तिने वापरला नाही, एवढंच तिच्या हातात होतं.

नेल्सन तिसऱ्या दिवशी आला. दार असं उघडलं की घंटी खाली पडली.

"तुला माहीत होतं!"

"नव्हतं."

"सगळं तू केलंस. तारखा तू काढल्यास, बॅटऱ्या तू मोजल्यास. मी त्या जर्मनीवाल्या तिकिटानं नेलं असतं तर घेऊन आलो असतो परत, एकत्र!"

"मेली असती वाटेत."

"आता काय करणार आहे मग ती तिथे?"

हर्मीनियाने खुर्ची त्याच्याकडे सरकवली. नेल्सनने आधी घंटी उचलली, खिळा वाकलेला होता तो बोटांनी सरळ केला आणि घंटी जागेवर लावली. मेकॅनिकचे हात, त्यांना मोडकं बघवत नाही. लावून झाल्यावर खुर्चीत बसला.

"सप्टेंबरात किती आहे?" त्याने विचारलं.

"सप्टेंबरात उतरतं. शाळा सुरू झाल्या की उतरतं."

तो सप्टेंबरात गेला, नाताळात पुन्हा गेला. दोन्ही तिकिटं हर्मीनियाने काढली, आणि दोन्ही वेळा तो पस्तीस डॉलर आधी ठेवून मग बसला. नाताळात त्याने आईला दारातल्या खुर्चीतच पाहिलं, गुडघ्यांवर घोंगडी, शेजाऱ्याशी बटाट्यांवरून बोलणं अजून संपलेलं नव्हतं. ती खंगली होती. पण चिडत होती, म्हणजे बरी होती, असं तो म्हणाला.

जानेवारीच्या शेवटी, एका सोमवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधीच नेल्सन पायरीवर बसलेला होता. टोपी हातात. हर्मीनियाने किल्ली काढली.

"परवा गेली," तो म्हणाला. "काल दुपारी पुरलंसुद्धा. तिकडे थांबत नाहीत."

"नाही थांबत."

दोघं आत आली. तिने दिवा लावला, कोट न काढताच खुर्चीत बसली आणि संगणक सुरू केला. आजच्या विमानाचं भाडं चौदाशेच्या वर होतं. घरच्या मृत्यूसाठी जाणाऱ्यांना कंपन्या देत त्या सवलती एक एक करून तिच्या डोळ्यांदेखत बंद झाल्या होत्या. नेल्सनने आकडा पाहिला आणि पाकिटाकडे हात नेला.

"थांब," ती म्हणाली. "कशासाठी जातोस आज?"

"म्हणजे?"

"मी पाचव्या दिवशी पोचले होते. धावत. घरात सगळे रडून दमलेले, मी नव्यानं रडायला आलेली. सगळ्यांना पुन्हा उठावं लागलं माझ्यासाठी. तू नाताळात जाऊन आलास. तिनं तुला पाहिलं, तू तिला पाहिलंस. आता कुणीही तुझी वाट बघत नाही, नेल्सन. फेब्रुवारीच्या शेवटी महिना भरल्यावरच्या मिस्साला, तिच्या नावाच्या प्रार्थनेला जा. भाडं निम्म्यावर येतं तेव्हा. नातालियालाही तेव्हाच माणूस हवं असेल. आत्ता तिचं घर भरलेलं आहे."

नेल्सन टोपी फिरवत राहिला. "बरं दिसेल का?"

"बरं दिसण्याचं विचारू नकोस, मला त्यातलं कळत नाही."

बाहेर बेकरीवाला मीठ टाकून फुटपाथवरचा बर्फ खरडत होता. मग नेल्सन म्हणाला, "काढ फेब्रुवारीचं. थेटवालं."

तिने काढलं. पासपोर्टवरचं नाव अक्षर अक्षर वाचून घातलं. जागा विचारली, तो म्हणाला कुठलीही. तिने त्याला पुढची दिली.

मार्चपर्यंत लांबवलेल्या दिओलिंदाच्या तिकिटाचा विषय दोघांनीही काढला नाही. ते कंपनीच्या संगणकात पडून राहिलं आणि आपोआप संपलं.

फेब्रुवारीत ज्या बुधवारी नेल्सन निघाला त्या दिवशी बेटावर वारा होता, बॉस्टनहून विमान रात्री दोन तास उशिरा सुटणार होतं. हर्मीनियाने दुकान पाचला बंद केलं, घरी जाऊन केल नावाच्या पालेभाजीचं कालचं सूप गरम करून घेतलं आणि लवकर झोपली. सकाळी उठल्यावर तिने सर्वांत आधी विमान उतरलं का ते पाहिलं. उतरलं होतं. मग तिने कॉफी ठेवली.